अत्तरातलं फळ : महाळुंगापासून स्ट्रॉबेरीपर्यंत

इतिहासाच्या व्याख्यानमालेत किल्ले, लढाया, सनदा, कागदपत्रं यांवर बोलणं होतं. आज वासाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही अत्तरातल्या फळांच्या वासाबद्दल. विषय वरवर हलका वाटेल. पण सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे फळांच्या वासात राहणारे आहेत. डिसेंबर उजाडला की महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरी, फेब्रुवारीत तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षं, उन्हाळ्यात घाटावर करवंदं आणि जांभळं. अशा भागात राहून आपण फळाच्या वासाचा सेंट लावतो, तेव्हा नेमकं काय लावतो, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आपल्याकडे या बाबतीत एक ठरलेलं मत आहे. गुलाब, मोगरा, हिना, केवडा, खस ही खरी अत्तरं. आणि स्ट्रॉबेरी, पीच, सफरचंद असे वास म्हणजे लिमलेटच्या गोळ्या. पोराटोरांचे. लग्नात कुणी अत्तराचा फाया दिला तर आपण तो मानाने कानात ठेवतो, आणि कॉलेजातली मुलगी स्ट्रॉबेरीचा स्प्रे मारून आली तर म्हणतो, "केमिकल आहे ते." या मताला इतिहासाचा आधार किती, ते आज तपासू.

आधी एक साधी गोष्ट. फुलाचं अत्तर निघतं, फळाचं का निघत नाही? कनौजची जुनी पद्धत बघा. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालायचं, खाली आच द्यायची, वाफ नळीतून भपक्यात न्यायची. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते वास धरून ठेवतं. गुलाब ही आच सोसतो. आता त्याच डेगेत स्ट्रॉबेरी घाला. हाती काय लागेल? जॅमचा वास. फळात पाणी भरपूर, वासाची द्रव्यं अगदी थोडी, आणि ती नाजूक. आच लागली की ताज्या फळाचा वास शिजलेल्या फळाचा होतो. त्यामुळे गुलाबाचं असतं तसं स्ट्रॉबेरीचं, द्राक्षाचं किंवा पीचचं अत्तर डेगेतून कधी उतरलं नाही.

अपवाद लिंबूवर्गाचा. संत्र्याची साल कुणाच्या डोळ्यासमोर पिळायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. त्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात, त्या दाबल्या की तेल मिळतं, आच लागत नाही. युरोपातलं 'ओ द कोलोन' अठराव्या शतकात उभं राहिलं ते याच सालींच्या जोरावर. बाकी फळांचं काय? ती रचावी लागतात. हा 'रचणं' शब्द लक्षात ठेवा, आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवती आहे.

कारण आपल्याकडे या विद्येचं नावच 'गंधयुक्ती' होतं. युक्ती म्हणजे जुळणी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर किती प्रकार होतात, याचं गणित त्यात मांडलं आहे : १,८२०. म्हणजे सुगंध हा निसर्गाकडून जसाच्या तसा उचलायचा पदार्थ नाही, तो जुळवायचा पदार्थ आहे, ही समज तेव्हाच पक्की होती. त्याच अध्यायात मुखवासाची एक कृती येते. जायफळ, कस्तुरी आणि कापूर यांनी वास जागा करायचा, आणि वर आंब्याचा रस आणि मध शिंपडायचा. फळाची छटा सुगंधात आली ती ही अशी. पुढे सातव्या शतकात बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त कामरूपच्या राजाने हर्षाला पाठवलेल्या नजराण्याची यादी आहे. तिच्यात काळ्या अगरूच्या तेलाबरोबर आंब्याच्या रसाने भरलेले जाड वेळूचे नळे आहेत. राजाने राजाला पाठवायच्या वस्तूंत आंबा होता. त्याला कुणी पोरकट म्हटलं नव्हतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. अकराव्या-बाराव्या शतकात हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या वर्चस्वाखाली होता. कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचं, चंद्रलेखेचं स्वयंवर आणि तिने सहाव्या विक्रमादित्याला वरलं ही हकीकत बिल्हण या काश्मिरी कवीने आपल्या काव्यात सांगितली आहे. म्हणजे कल्याणीच्या दरबाराचे आणि आपल्या कऱ्हाडचे सोयरसंबंध. याच विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाने घ्यायच्या उपभोगांची मोठी यादी आहे, आणि त्यात विलेपन आणि धूप यांना वेगळी प्रकरणं दिली आहेत. खाणं, गाणं, खेळ यांच्या पंक्तीला सुगंध बसवला आहे. सुगंधाचा आस्वाद ही शिकायची गोष्ट आहे, असं तो राजा मानत होता.

मराठीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा दुवा पुढचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकात एका हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. त्यात दोन ग्रंथ होते : गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद'. या गंधवादावर मराठी टीका आहे. पुढे १९८९ मध्ये बडोद्याहून हे दोन्ही ग्रंथ छापून निघाले. संस्कृत ग्रंथावर मराठी टीका कोण लिहितं? ज्याला तो वाचून काम करायचं आहे, किंवा काम करणाऱ्याला समजावून सांगायचं आहे, तो. म्हणजे सुगंध रचण्याचं शास्त्र काही शतकांपूर्वी मराठीत बोललं जात होतं. ही परंपरा आपण इतकी विसरलो की आज 'परफ्युमरी'ला मराठी शब्द विचारला तर माणूस अडखळतो.

या गंधशास्त्रात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगतात. आणि गंधकर्माच्या परंपरेत 'पंचपल्लव' नावाची एक जोडी आहे. पूजेच्या कलशातले पंचपल्लव वेगळे. गंधकर्मातले पाच कुठले? आंबा, जांभूळ, कवठ, महाळुंग आणि बेल. पाचही फळझाडं! त्यांची पानं पाण्यात घालून ते पाणी सुगंधी द्रव्यं तयार करायला वापरायचं. फळ डेगेत उतरत नाही हे कारागिराला माहीत होतं; म्हणून त्याने पानातून, रसातून, सालीतून फळाच्या जवळ जायची वाट काढली. युक्ती म्हणतात ती हीच.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात जाऊ. १८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे नाशपाती, सफरचंद, अननस यांच्या नावाने काही अर्क मांडले होते. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने त्यांची तपासणी केली आणि त्यात फळ नव्हतंच असं दाखवून दिलं. अननसाचा अर्क म्हणजे ब्युटिरिक आम्ल आणि मद्यार्क यांचा संयोग. ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट लोण्याचा वास! त्या खवट वासातून मद्यार्काच्या संगतीने अननस तयार होतो. आज लग्नाच्या पंगतीत पायनॅपल शिरा वाढतात, त्यातल्या इसेन्सचं कूळ हे.

मग विसावं शतक. १९०८ मध्ये पीचचा वास देणारं एक द्रव्य प्रयोगशाळेत सापडलं. व्यापारात त्याला 'आल्डिहाइड सी-१४' म्हणतात. गंमत अशी की ते आल्डिहाइड नाही, आणि त्यात कार्बनचे अणू चौदा नाहीत, अकरा आहेत. स्ट्रॉबेरीचा वास देणाऱ्या 'आल्डिहाइड सी-१६' चीही तीच कथा, त्यात बारा. नावंसुद्धा रचलेली. १९१९ मध्ये गेर्लँ या फ्रेंच घराण्याने 'मित्सुको' नावाचं अत्तर काढलं, त्यात हा पीच दगडफुलासारख्या ओलसर, मातकट वासावर बसवला. जगातल्या उत्तम अत्तरांत त्याची गणना होते. फळाचा वास पोरकट असतो, या मताला इथेच उत्तर मिळतं. वास पोरकट नसतो, रचना पोरकट असू शकते.

आणखी जवळचं उदाहरण देतो. २००५ मध्ये जाँ-क्लोद एलेना या फ्रेंच अत्तरकाराने एर्मेससाठी नाईल नदीवरच्या बागेच्या नावाने एक अत्तर केलं. इजिप्तमध्ये अस्वानला त्याला झाडावरच्या कैऱ्यांचा वास आला आणि त्याने तो पकडला. कशाने? कैरी न वापरता, वेगवेगळी द्रव्यं एकमेकांशेजारी ठेवून. नाकाला कैरीचा भास होतो. आपण कैरी मीठ-तिखट लावून खाणारी माणसं, आणि कैरीचं अत्तर झालं ते फ्रान्समध्ये.

आता आपली स्ट्रॉबेरी. तिला आपण अस्सल आणि बाटलीतल्या वासाला नकली म्हणतो. पण आज जगभर खातात ती स्ट्रॉबेरी मुळात अठराव्या शतकात युरोपात झालेला दोन अमेरिकी जातींचा संकर आहे. माल्कमने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरला ठाणं वसवलं, साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांशी करार होऊन ती जागा इंग्रजांकडे गेली, आणि इंग्रजांबरोबर त्यांची फळं-भाज्या डोंगरावर आल्या. १९५९ मध्ये पाचगणीत मॅप्रो सुरू झाली, जॅम-सिरप घरोघर गेलं. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. आज भिलारच्या शेतात स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोझा अशा परदेशी जाती दिसतात. म्हणजे फळही माणसाने रचलेलं, आणि तरी ते आपलं झालं. ताज्या स्ट्रॉबेरीच्या वासात शेकडो द्रव्यं असतात. सी-१६ त्यातलं नव्हे. ते स्ट्रॉबेरीचं व्यंगचित्र आहे. व्यंगचित्रात माणूस ओळखू येतो, पण ते त्याचं छायाचित्र नसतं.

द्राक्षाच्या बाबतीत मात्र मला खरी काळजी वाटते. जांभळ्या 'ग्रेप' गोळीचा वास आठवा. आता तासगावच्या थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश द्राक्षाचा घड नाकाशी धरा. दोन्हींत काही नातं लागतं का? नाही लागत. त्या गोळीतलं मुख्य द्रव्य मिथाइल अँथ्रानिलेट, आणि तो वास अमेरिकेतल्या काँकर्ड द्राक्षाचा. आपल्या द्राक्षाचा वास सौम्य, किंचित हिरवा, गोडसर. सांगलीच्या बेदाण्याला मानांकन आहे. पण सांगलीच्या मुलाला 'द्राक्षाचा वास कसा?' विचारलं तर तो गोळीचा वास सांगेल. रसायन वापरल्याची मला तक्रार नाही. आपल्या फळाच्या नावावर दुसऱ्याच फळाचा वास बसला, आणि आपल्याला ते कळलंही नाही, ही खरी हानी आहे. वासाला शब्द आणि आठवण नसेल तर तो असून नसल्यासारखा.

आणि गंमत बघा, तेच मिथाइल अँथ्रानिलेट मोगऱ्यात आहे, निशिगंधात आहे, सोनचाफ्यात आहे. आजीच्या गजऱ्यात 'ग्रेप' होताच! उलट हिरवा चाफा घ्या : फूल आहे, पण वास पिकल्या फळाचा. पानाआड लपलेलं फूल आपण वासावरूनच शोधतो. फूल आणि फळ यांच्या वासात कुंपण निसर्गाने घातलेलं नाही. ते आपण घातलं, आणि त्यावर खरं-खोटं, थोर-पोरकट अशा पाट्या लावल्या.

मग आस्वाद कसा घ्यायचा? सोप्या गोष्टी सांगतो. अत्तर कागदावर नको, मनगटावर लावा, आणि घाई करू नका. लिंबू, सफरचंद, अननस यांची द्रव्यं हलकी, ती पहिल्या काही मिनिटांत उडतात. पीचची, नारळाची द्रव्यं जड, ती तासन्‌तास रेंगाळतात. म्हणून विचारा : फळ उडून गेल्यावर खाली काय उरलं? चंदन, दगडफूल, कस्तुरीसारखं काही उरलं तर रचना झाली. नुसती साखर उरली तर ती गोळी. दुसरं, हंगामात खरं फळ हातात घेऊन वास घ्या. देठाशी वेगळा, कापल्यावर वेगळा, दुसऱ्या दिवशी वेगळा. पॅरिसच्या अत्तरकाराला यासाठी प्रवास करावा लागतो. आपल्याला पाचगणीच्या घाटापर्यंत किंवा तासगावच्या बाजारापर्यंत जायचं आहे.

गंधवादावर मराठीत टीका लिहिणाऱ्या त्या अज्ञात माणसाने हेच केलं असणार : आधी हुंगलं, मग शब्द शोधला, मग जुळवलं. ते काम परत मराठीत सुरू व्हायला काही अडचण नाही. जांभळाचा तुरटपणा, करवंदाचा चीक, कवठाचा आंबूस गोडवा हे वास अजून कुणी बाटलीत नीट रचलेले नाहीत, आणि ते ओळखणारी नाकं या सभागृहात बसलेली आहेत. इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.