डिंकाची वंशावळ

वेब ॲप्लिकेशनच्या पडद्यावर बटणे, याद्या, तक्ते, शोधाची चौकट यांना जागा वाटून देण्याचे काम आज बहुतेक ठिकाणी सीएसएसचे फ्लेक्सबॉक्स करते. त्यात अशा प्रत्येक घटकाला, म्हणजे विजेटला, तीन आकडे मिळतात. मुळात किती जागा हवी, उरली तर तिच्यातला किती वाटा घ्यायचा आणि कमी पडली तर किती अंग चोरायचे: बेसिस, ग्रो आणि श्रिंक. नेमके हेच त्रिकूट संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या ‘टेक’ प्रणालीत सापडते, आणि ती तर पुस्तकाची पाने जुळवण्यासाठी १९७७-७८ मध्ये स्टॅनफर्डला जन्मली. तिथे शब्दांमधल्या जागेला ‘ग्लू’, म्हणजे डिंक म्हणतात. डिंकाचे माप लिहायचे तर आधी मूळ लांबी, मग ‘प्लस’ अमुक, मग ‘मायनस’ तमुक. विजेटांचे कूळ खिडक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधण्याचा रिवाज आहे. माझ्या मते ते छापखान्यात शोधायला हवे.

कनूथ यांच्या ग्रंथमालेतील दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये त्यांच्या हाती आली. ती फोटोटाइपसेटिंगची होती आणि आधीच्या शिशाच्या छपाईपुढे त्यांना बघवेनात. म्हणून त्यांनी जुळाऱ्याचे कसबच आकड्यांत उतरवायला घेतले. जुळारी स्टिकमध्ये खिळे लावत जातो, ओळ भरत आली की शब्दांमधल्या स्पेसा काढून जाड किंवा पातळ घालतो आणि ओळ दोन्ही कडांना घट्ट बसवतो. ओळ सैल राहिली तर मजकूर उचलताना खिळे गळतात. अक्षर ताणता येत नाही, जागा ताणता येते, हा त्या धंद्याचा कायदा. कनूथ यांच्या प्रणालीत अक्षरांच्या पेट्या ताठ आहेत आणि डिंक लवचीक आहे, तो याच कायद्याने. (खरे तर याला ‘स्प्रिंग’ म्हणायला हवे होते, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, पण तोवर डिंक चिकटला होता.)

आता प्रतिस्पर्धी पाहू. एचटीएमएलची टेबले आणि एका पिक्सेलची पारदर्शक चित्रे घालून पाने टेकू देऊन उभी करण्याचा १९९०च्या दशकातला प्रकार कुळात धरू नये, ती डागडुजी होती. एमआयटीच्या अथेना प्रकल्पाचा दावा जड आहे, कारण ‘विजेट’ हे नावच तिथे रुजले. बाकीच्या शब्दांना नको ते अर्थ चिकटलेले होते म्हणून हा घेतला, असे त्या मंडळींनी १९८८ मध्ये नोंदवले आहे. ‘विंडो’चे आणि याचे आद्याक्षर एकच, ही सोयही त्यांनी मिस्कीलपणे दाखवून दिली. पण अथेनाच्या पद्धतीत मूल विजेट जागा मागते आणि पालक होय-नाही म्हणतो. ती वाटाघाटी आहे, तिच्यात प्लस-मायनस नाही.

तिसरा दावेदार मोझिलाची पडदा मांडण्याची झूल भाषा, आणि खरी झुंज हिच्याशीच. फ्लेक्सबॉक्सचा २००९चा पहिला मसुदा झूलच्या पेट्यांवरच बेतलेला होता. त्याच्या संपादकांतले डेव्हिड हायट तर पूर्वी झूलवरच काम करत होते. यापेक्षा सरळ बाप-लेकाचा पुरावा कुठला? अडचण एवढीच की झूलमध्ये आणि त्या पहिल्या मसुद्यात लवचीकपणाचा आकडा एकच आहे. २०११ मध्ये मसुदा नव्याने लिहिला गेला तेव्हा एकाचे तीन झाले, आणि त्यांना धन लवचीकता, ऋण लवचीकता, पसंतीचे माप अशी नावे मिळाली. धन आणि ऋण म्हणजे प्लस आणि मायनसच. झूल एकटीच आई असती तर हा दुसरा आकडा आला कुठून? शिवाय झूलमधल्या पेट्यांची नावे ‘एचबॉक्स’ आणि ‘व्हीबॉक्स’. टेकच्या आज्ञांचीही हीच नावे, अक्षरशः. झूल प्रतिस्पर्धी नाही, त्याच घरातली धाकटी पाती आहे.

मधला दुवा इंटरव्ह्यूज. स्टॅनफर्डमध्येच मार्क लिंटन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बांधलेला हा विजेटांचा संच, आणि १९८९च्या त्यांच्या लेखात टेकच्या पेट्या आणि डिंक उघडपणे पडद्यावर आणलेले आहेत. त्यांनी एक बदल केला, आणि माझ्या लेखी या साऱ्या कुळकथेतला तोच कळीचा क्षण आहे: मूळ माप, ताण आणि आकस हे आकडे नुसत्या जागेला न ठेवता त्यांनी प्रत्येक विजेटलाही दिले. छापखान्याचा कायदा इथे मोडला आणि अक्षराची पेटीसुद्धा ताणायला मोकळी झाली. पुढे जीटीके, क्यूटी, जावाचा स्विंग संच अशी वाट फुटत गेली. स्विंगमध्ये तर ‘ग्लू’ हा शब्दही शाबूत आहे.

यावर आक्षेप असा की टेक आणि फ्लेक्सबॉक्स यांचे गणित जुळत नाही. टेकमध्ये दहा पॉइंटांच्या डिंकाला उणे एक सांगितले की तो नऊच्या खाली जात नाही. फ्लेक्सबॉक्सचा श्रिंक मात्र नुसते प्रमाण आहे, आणि तेही मूळ मापाने गुणलेले. आक्षेप खरा आहे, म्हणून बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांची बटणे फोनवर एका ओळीत मांडून बघू. जागा अपुरी पडते. मोठ्याने जास्त सोसायचे या नियमाने ‘जळगाव जामोद’, ‘सिंदखेड राजा’, ‘देऊळगाव राजा’ सर्वांत जास्त आक्रसतात, मधल्या मोकळ्या जागेवर तुटून दोन ओळींचे होतात, आणि त्यांच्यापायी शेजारचे ‘लोणार’ही उगाच उंच होते. ‘संग्रामपूर’ला मात्र तुटायला जागाच नाही. आपल्या शब्दाच्या रुंदीपाशी ते अडते. ब्राउझर त्याला गोठवतो आणि उरलेली तूट बाकीच्यांवर पुन्हा वाटतो. असे करता करता सगळेच गोठले की ओळ पडद्याबाहेर सांडते. टेक काय करते? डिंक संपला की ओळ समासात सांडू देते आणि चूक दिसावी म्हणून मसुद्यात काळी पट्टी मारते. अक्षर कापायचे नाही, हा स्वभाव दोघांचा एकच. वंशज गणित बदलतात. स्वभाव सहसा खालपर्यंत उतरतो, आणि मला गणितापेक्षा हाच पुरावा जास्त भावतो.

एक गोष्ट मात्र वाटेत गळाली, आणि तिचा भुर्दंड मराठीला पडतो. टेकच्या पेटीला रुंदीखेरीज दोन मापे असतात: आधाररेषेच्या वरची उंची आणि तिच्याखालची खोली. विजेटाच्या चौकटीला उरली एकच, नुसती उंची. लॅटिन लिपीत ते खपून जाते. आपली लिपी तीन मजली. डिग्री पद्धतीच्या जुळणीत वरची मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार वेगवेगळ्या खिळ्यांनी तीन थरांत बसवत, म्हणजे मराठी जुळाऱ्याला उभी जागा आडवीइतकीच मोजावी लागे. सीएसएसमध्ये ओळीची उंची शाईवरून ठरत नाही, आखून दिलेल्या प्रमाणावरून ठरते. बटणाची उंची पिक्सेलमध्ये ठोकून, ओळीचे प्रमाण एकावर ठेवून बाहेरचे झाकायला सांगितले, की ‘संग्रामपूर’चा अनुस्वार वर आणि दीर्घ ऊकार खाली छाटला जाण्याची धास्ती. रुंदीत अक्षर वाचवणारा तोच ब्राउझर इथे मुकाट कापतो, कारण या दिशेला त्याला डिंक कुणी दिलेलाच नाही. उंची मोकळी सोडून फक्त किमान माप द्यावे आणि ओळीचे प्रमाण दीडच्या पुढे न्यावे. शिशाच्या काळात दोन ओळींमध्ये लेडची पट्टी सरकवून हेच साधत.