न्हाणीघर आधी कागदावर, मग जागेवर

नव्या घराचा नकाशा हाती आला, की कुटुंबाची चर्चा दिवाणखान्याच्या रंगापासून सुरू होते आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बराच वेळ थांबते. न्हाणीघराच्या वाट्याला बहुधा फरशीचा रंग निवडण्याचा शेवटचा अर्धा तास येतो. वास्तविक दुरुस्तीसाठी घरातील सर्वांत अवघड जागा हीच. भिंतीचा रंग चार वर्षांनी बदलता येतो. भिंतीत गाडलेली नळवाहिनी किंवा चुकलेला उतार बदलायचा, तर फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नसते. सदनिका असेल तर त्यात खालच्या शेजाऱ्याशी असलेले संबंधही पणाला लागतात.

जुन्या वाड्यांतून न्हाणीघर मागील बाजूस, तापत्या बंबाजवळ असे आणि शौचकूप परसात दूर. चाळीत मोरी खोलीच्या कोपऱ्यात आली. पुढे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा संडास व बाथरूम शेजारी-शेजारी पण स्वतंत्र आणि बेसिन बाहेरच्या पॅसेजमध्ये, अशी रचना रूढ झाली. नंतर ‘अटॅच्ड’ची हौस वाढली आणि तिन्ही गोष्टी एका दाराआड गेल्या. शयनगृहाला जोडलेल्या, एका जोडप्याच्या वापरातील न्हाणीघरापुरते ते ठीक आहे. मात्र पाच-सहा माणसांच्या वापराचे सामाईक न्हाणीघर आखताना जुनीच पद्धत अधिक शहाणपणाची ठरते. एकत्र रचनेत एक जण आत गेला, की स्नान, शौच आणि तोंड धुणे या तिन्हींची दारे बंद होतात. शाळेची बस सातला येणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

जागा पुरत नाही, ही यावरची नेहमीची सबब. ती तपासून पाहावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वतंत्र न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर, स्वतंत्र शौचकूपाचे १.१ आणि एकत्रित रचनेचे २.८ चौरस मीटर आहे. म्हणजे दोन्ही वेगळे केले तरी किमान क्षेत्रफळात अवघ्या ०.१ चौरस मीटरचा फरक पडतो. मधली भिंत आणि दुसरे दार यांची जागा तेवढी जास्तीची. प्रत्यक्ष बांधकामाला त्या-त्या महापालिकेची किंवा नगरपालिकेची नियमावली लागू होते. तरीही पडताळणीसाठी हे आकडे हाताशी असावेत. चार फूट बाय सात फुटांचे एकत्रित न्हाणीघर नकाशावर पुरेसे दिसते, पण ते २.६ चौरस मीटरच भरते. शिवाय नकाशातील माप विटांच्या भिंतीचे असते. गिलावा, मसाला व टाइल मिळून प्रत्येक बाजूने सुमारे दीड इंच आत येते. चार फुटांचे राहतात पावणेचार.

मांडणीचा मूळ नियम साधा आहे: कोरडे दाराजवळ, ओले टोकाला. आत शिरताच बेसिन, मध्ये कमोड आणि खिडकीखाली स्नानाची जागा, असा क्रम ठेवला तर रात्री उठणाऱ्याला ओल्या फरशीवरून जावे लागत नाही. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच आणि समोर दोन फूट मोकळे असावेत. यापेक्षा कमी अंतर राहिल्यास गुडघे दारावर आदळतात. कमोड खरेदी करण्यापूर्वी त्याच्या निचऱ्याचा मार्ग भिंतीतून आहे की जमिनीतून, हे प्लंबरला विचारून घ्यावे. दुकानात पसंत पडलेले भांडे जागेवर न बसणे, हा प्रकार दुर्मिळ नाही.

स्नानाच्या जागेबाबत मात्र परदेशी छायाचित्रांवरून फसगत होते. काचेचा उभा कप्पा आणि वर शॉवर ही रचना देखणी खरी, परंतु मराठी घरात आजही बादली व तांब्या हद्दपार झालेले नाहीत. बसून स्नान करणाऱ्यास सुमारे तीन फूट बाय तीन फूट जागा लागते. घरात तान्हे मूल येणार असेल तर त्याहून अधिक, कारण बाळाला न्हाऊ घालणारी आजी पाय लांब करून बसते. भिंतीपासून भिंतीपर्यंत चार फूट लांबी नसेल तर तिला अवघडून बसावे लागते. बादलीचा नळ जमिनीपासून साधारण दोन फुटांवर असावा. तो याहून खाली घेतला तर भरलेली बादली काढताना अडते, फार वर घेतला तर पाणी उडते. डायव्हर्टर अशा ठिकाणी बसवावा, की शॉवरखाली न जाता हात पोहोचेल आणि पाण्याचा पहिला गार झोत अंगावर येणार नाही.

ज्येष्ठांचा विचार ‘पुढे पाहू’ म्हणून सोडून दिला जातो आणि पहिल्या पडण्यानंतरच आठवतो. ओला-कोरडा भाग वेगळा करण्यासाठी घातलेला दोन इंची उंबरा म्हाताऱ्या पावलांना ठेच देतो. त्याऐवजी नुसत्या उताराने पाणी वळवावे. जमिनीला चकचकीत टाइल नको. लहान आकाराची खडबडीत टाइल घ्यावी, सांधे जितके अधिक तितकी पकड चांगली. कमोडशेजारी आणि स्नानाच्या जागी आधाराच्या दांड्या आज लावायच्या नसल्या, तरी तेथील भिंत भरीव विटेची असावी. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत बसवलेली दांडी नेमकी गरजेच्या वेळी उपटून येऊ शकते. दार बाहेर उघडणारे आणि कडी बाहेरूनही काढता येणारी हवी. आत पडलेल्या माणसाच्या शरीरामुळे आत उघडणारे दार अडते आणि मदत बाहेरच थांबते.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. साठवणीच्या गिझरला बहुधा दोन किलोवॅट, तत्काळ गिझरला तीन किलोवॅट वीज लागते. त्यासाठी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गॅस गिझर बंद न्हाणीघरात मुळीच बसवू नये. त्यातून निर्माण होऊ शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. बेशुद्ध होणाऱ्याला काही कळतही नाही. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीतच असावा.

गच्चीवर सौर बंब असेल तर गरम पाण्याची वाहिनी सीपीव्हीसीची, आवरण घातलेली आणि शक्य तितकी जवळून आणावी. पाऊण इंची नळीच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी राहते. वाहिनी वीस मीटर असली, तर प्रत्येक वेळी पाच लिटर गार पाणी आधी सोडावे लागते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ही चैन परवडणारी नाही. अशा गावांत न्हाणीघरावरच्या माळ्यावर पाचशे लिटरची टाकी ठेवण्याची प्रथा आहे. तिचे वजन अर्धा टन भरते, तेव्हा माळ्याचा स्लॅब त्या बेताने ढाळावा लागतो, हे संरचना अभियंत्याच्या कानावर घालावे.

खरी परीक्षा गळतीची. खचवलेल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग व कोबा झाल्यावर, फरशी बसण्यापूर्वी निचऱ्याची तोंडे बंद करून न्हाणीघरात पाणी भरावे आणि किमान ४८ तास तसेच ठेवावे. खालच्या छतावर ओल उमटली नाही, तरच गवंड्याला पुढचे काम सांगावे. फरशीचा उतार नहाणी ट्रॅपकडे सुमारे ऐंशीस एक, म्हणजे मीटरभरात सव्वा सेंटिमीटर असावा. कामगार गेल्यानंतर नव्हे, त्यांच्यासमोर बादलीभर पाणी ओतून तो पाहावा. ट्रॅपमध्ये पाच सेंटिमीटर पाणी कायम उभे राहिले पाहिजे. तेच दुर्गंधी आणि झुरळे अडवते. वापरात नसलेल्या न्हाणीघरात हे पाणी आटते, म्हणून पाहुण्यांच्या न्हाणीघरात अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे.

बिल्डरकडून घर घेतले असेल, तर २०१६च्या स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. मात्र ताबा घेताच फरशी उखडून आपल्या मनाजोगे न्हाणीघर करणारे पुढे गळतीची तक्रार घेऊन गेले, तर दोष कोणाचा, हा वाद उभा राहतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक वाहिन्यांच्या गळतीचा खर्च सोसायटीने, तर घरातील संडास व मोरीच्या गळतीचा खर्च त्या सदस्याने करावयाचा असतो. त्यामुळे बदल करायचेच असतील तर ते बांधकाम चालू असताना, लेखी कळवून करून घ्यावेत. न्हाणीघराची मूळ जागा मात्र हलवू नये; त्याखाली कोणाचे तरी स्वयंपाकघर असू शकते.

टाइल बसण्यापूर्वीचे एक काम फुकटात होणारे आहे. नळ आणि विजेच्या वाहिन्या उघड्या असताना चारही भिंतींजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत आणि ती घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावीत. सहा महिन्यांनी टॉवेलची दांडी बसवायला सुतार ड्रिल घेऊन येतो, तेव्हा पाइप नेमका कुठे आहे हे कोणालाच आठवत नसते.