पग, पागी आणि पगमार्क

मे महिन्यात शेजारच्या वहिनी एक रंगीत पत्रक घेऊन आल्या. मुलगा नववीत. रात्र रात्र मोबाइल, शाळेला दांड्या, घरात कुणाशी धड बोलणं नाही. पत्रकात दहा दिवसांचं जंगल शिबिर होतं. ‘भाऊ, पाठवू का याला? रानात राहून सुधारतात म्हणे पोरं.’ मी वेळापत्रक वाचत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी : ‘पगमार्क ट्रॅकिंग’. तिथेच अडकलो.

त्यातला ‘मार्क’ इंग्रजी आहे. ‘पग’ आपल्या बाजूचा.

भरकटलेल्या मुलांना रानात नेण्याच्या पद्धतीची जी वंशावळ सांगतात, ती समुद्रावर सुरू होते. १९४१ साली वेल्समध्ये अबरडोव्ही इथे कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ शाळा काढली. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला हा शब्द लावतात. पुढे १९६८मध्ये अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने नापासांच्या रांगेतले विद्यार्थी लॅरी डीन ओल्सन यांच्याबरोबर युटाच्या वाळवंटात महिनाभर धाडले. त्यातून रानात नेऊन उपचार करण्याचा धंदा उभा राहिला. ही वंशावळ खरी आहे. पण समुद्रावर पाऊल उमटत नाही. शिबिरातला माग काढण्याचा धडा जहाजावरून आलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

या शिबिरांच्या उगमाचा आमच्या एरंडोलात दुसराच दावा ऐकू येतो. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, पद्मालयाजवळच्या भीमकुंडापाशी भीमाने बकासुर मारला, तेव्हा पहिलं वन-शिबिर पांडवांचं! एकचक्रेवर हक्क सांगणारी गावं बिहारमध्ये आहेत, बंगालमध्येही आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी हा दावा टिकत नाही. एकचक्रेत पांडव रानात राहिलेच नव्हते. ते एका ब्राह्मणाच्या घरी उतरले होते आणि गावात भिक्षा मागत होते.

आता पग. गुजरातीत पग म्हणजे पाय आणि पगी म्हणजे पावलांवरून चोर शोधणारा. आपल्याकडे तोच पागी. त्याचा माग एका गावाच्या शिवेतून पुढे गेला, की चोरीची जबाबदारी पुढच्या गावावर पडायची, एवढा त्याच्या नजरेला मान. काही जण ‘पागी’ची नाळ ‘पागा’शी जोडतात : चोराचा पाठलाग करायला घोडा लागतो, म्हणून पागेतला तो पागी. मला हे मुळीच पटत नाही. पागी पायीच चालतो, वाकून, मागावर आपली सावली पडू न देता. घोडा घातला तर मागच पुसला जाईल. शिवाय गुजराती शब्दात ‘प’ला काना नाही. तो मराठीत येताना लागला. काना पागेचा असता, तर तिकडेही दिसला असता.

इंग्रजांनी हा शब्द उचलला. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात पग आणि पगी दोन्ही नोंदलेले आहेत. वाघाच्या पावलाचा ‘पगमार्क’ झाला तो त्याच पगावरून.

तो साहेबांच्या तोंडी कसा बसला? इथे मला धरणगाव आठवतं. आता तो वेगळा तालुका आहे, पूर्वी एरंडोल तालुक्यातलंच गाव. १८२५ साली बावीस वर्षांचा लेफ्टनंट जेम्स औट्रम तिथे आला आणि त्याने खानदेशची भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांचा विश्वास त्याने शिकारीतून मिळवला. त्यांच्या सोबतीने तो वाघाच्या मागावर जाई. खानदेशात गावची राखण करणारा बहुधा भिल्लच असे, पण त्याला म्हणत जागल्या. पागी हा शब्द पश्चिमेकडचा. आणि औट्रम १८३५मध्ये गुजरातेत महीकांठ्याला गेला. विद्या खानदेशात पाहिली, तिचं नाव गुजरातेत मिळालं. असे अधिकारी पुष्कळ होते आणि शब्द त्यांच्याच शिकारकथांतून विलायतेला गेला, असं माझं मत आहे.

पुढचा दुवा स्काउट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल. तो १८७६मध्ये तेराव्या हुसार पलटणीबरोबर लखनौला आला. इथे शिपायांना टेहळणी आणि माग काढणं शिकवलं, त्यावर पुस्तकं लिहिली. १८९९चं त्याचं लष्करी पुस्तक विलायतेत शिक्षक मुलांसाठी वापरू लागले आणि १९०७मध्ये ब्राउनसी बेटावर त्याने मुलांची पहिली छावणी भरवली. रानात नेऊन पोर घडवायचं, ही कल्पना तिथे पक्की झाली. धरणगावात रानातल्या तरुणांना कवायत शिकवून ‘सुधारायचं’ होतं. पुढे शहरातल्या मुलांना सुधारायला त्याच रानाची विद्या लागली. ओल्सन यांनीही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या विद्याच शिकवल्या : लाकडावर लाकूड घासून विस्तव, गारेची पाती.

वहिनींना मी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. २००७मध्ये अमेरिकी संसदेच्या तपास यंत्रणेने अशा कार्यक्रमांतले १९९० ते २००४ या काळातले दहा मृत्यू तपासले. उन्हाने, तहानेने कोसळलेली काही मुलं ढोंग करताहेत असं समजून त्यांना पुढे चालवलं गेलं होतं. मुलगा मनाने जात असेल, सोबतच्या माणसाला रान कळत असेल, तरच पाठवा.

पत्रक माझ्याकडेच राहिलं. रविवारी पहाटे मी त्या मुलाला पद्मालयाच्या तळ्याकडे नेलं. ओळखीचे एक भिल्ल बाबा सोबत होते. पाणवठ्याच्या चिखलात ठसा होता. मुलगा म्हणाला, कुत्रा. बाबा उकिडवे बसले, काडीने नखांच्या खुणा दाखवल्या, मग पुढचा पंजा आणि मागचा. पुढचा बराच मोठा. ‘हाई कुत्रं नही, तरस शे.’ ठशाच्या कडा अजून ओल्या होत्या. जनावर रात्रीच येऊन गेलेलं. चार पावलं पुढे मागच्या उजव्या पायाची बोटं चिखलात ओढली गेली होती.

मुलाने मोबाइल काढला, फोटो घेतला आणि तो परत खिशात टाकला. मग बाबांच्या शेजारी उकिडवं बसून विचारलं, ‘लंगडत होतं का?’

बाबांनी काडी त्याच्या हातात दिली.