डभोईची बैलांची आगगाडी

डभोई म्हटले की बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत दोन गोष्टी निघतात. एक १७३१ची लढाई, जिच्यात थोरल्या बाजीरावांशी लढताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले. दुसरी चांदोदला नर्मदास्नानासाठी नेणारी छोटी गाडी. पण डभोईच्या रुळांची सुरुवात यात्रेकरूंसाठी नव्हे, कापसासाठी झाली.

मियागाम-करजणच्या आसपासचा हा कानम प्रदेश, काळ्या कसदार जमिनीचा. कापूस उत्तम पिकतो. पण पाऊस झाला की याच जमिनीत बैलगाडी आसापर्यंत रुतते. १८६१ साली बी. बी. अँड सी. आय. कंपनीची मोठी लाइन मियागामवरून बडोद्याला पोचली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. माल मोठ्या लाइनपर्यंत न्यायचा कसा, एवढाच प्रश्न होता.

खंडेराव महाराजांनी १८६२मध्ये डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा लोहमार्ग टाकला. रुंदी अवघी अडीच फूट. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज. आणि डबे ओढायला कोण? बैल! १८६३मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आली खरी, पण रूळ पडले वारभर लांबीला तेरा पौंड वजनाचे. इंजिनाचा भार त्यांना पेलेना. पुन्हा बैलच जुंपले गेले. १८७३मध्ये इंजिनांना पेलतील असे जड रूळ घातले गेले. ते पाहायला महाराज नव्हते. १८७०मध्येच ते वारले होते.

खंडेरावांचे नाव निघाले की आपण मोत्यांच्या गालिच्याबद्दल बोलतो, आणि बडोद्याच्या सुधारणांचे सगळे श्रेय सयाजीराव महाराजांना देऊन मोकळे होतो. सयाजीरावांच्या काळात रूळ चांदोद, बडोदे, बहादरपूर असे चहूकडे पसरले, हे खरेच. पण शेतकऱ्याचा माल रुळावर चढवण्याची सुरुवात खंडेरावांची. त्या गालिच्यापेक्षा मला हे तेरा पौंडी रूळ मोलाचे वाटतात.

फाटे फुटत गेले, तसे हिरा भागोळीच्या कोरीव वेशीसाठी ओळखले जाणारे डभोई नॅरोगेजचे मोठे जंक्शन झाले. चांदोदचा फाटा आता ब्रॉडगेज झाला आहे. जानेवारी २०२१पासून त्याच वाटेने गाड्या पुढे केवडियापर्यंत जातात.