शैक्षणिक संपादणूक सर्वेक्षण

शैक्षणिक संपादणूक सर्वेक्षण म्हणजे निवडलेल्या नमुन्यातील विद्यार्थी, शिक्षक, शाळा किंवा कुटुंबे यांच्याकडून चाचण्या व प्रश्नावल्यांद्वारे माहिती गोळा करून, सांख्यिकीय प्रतिमानांच्या आधारे शैक्षणिक कामगिरीचा केलेला अभ्यास होय. वार्षिक परीक्षेचा उद्देश एकेका विद्यार्थ्याचे मूल्यमापन करणे हा असतो, तर संपादणूक सर्वेक्षण संपूर्ण जिल्हा, राज्य किंवा शिक्षणव्यवस्थेविषयी अनुमान काढते. शाळा ही एक संघटना मानून तिचे नेतृत्व, शिक्षकांची प्रेरणा व साधनसामग्री यांचा निकालाशी असलेला संबंध तपासणे हाही या अभ्यासाचा भाग आहे. भारतात राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि 'असर' ही या प्रकारची दोन प्रमुख सर्वेक्षणे आहेत.

इतिहास

भारतातील नमुना सर्वेक्षणाचा पाया प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी घातला. त्यांनी १९३१ मध्ये कोलकाता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झाले. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पादनाच्या अंदाजासाठी नमुना पद्धती विकसित केल्या. नमुना सर्वेक्षणाच्या सिद्धान्तावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात शिक्षणविषयक पाहणीचे महत्त्वाचे प्रारंभिक काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत झाले. धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांच्या सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावरील दोन पाहण्यांचे अहवाल संस्थेने १९५५ मध्ये प्रकाशित केले. शाळेतील गळती, एकाच इयत्तेत होणारी कुंठितता आणि शाळा सोडल्यानंतर पुन्हा येणारी निरक्षरता हे या कामाचे विषय होते. पटावरील नोंद व प्रत्यक्ष शिक्षण यांत अंतर असते, हा पुढील सर्व सर्वेक्षणांच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यात आढळतो.

अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखालील अहवालाने विद्यार्थ्यांच्या यशातील फरकांशी शाळेच्या साधनांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा संबंध अधिक असल्याचे मांडले. त्यावरून झालेल्या वादातूनच शाळेचा स्वतंत्र परिणाम मोजण्याच्या पद्धती विकसित होत गेल्या.

प्रमुख सर्वेक्षणे

'असर' हे 'प्रथम' या मुंबईत स्थापन झालेल्या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे ग्रामीण सर्वेक्षण आहे. २०१४ पर्यंत ते दरवर्षी झाले. मूलभूत कौशल्यांची देशव्यापी पाहणी त्यानंतर २०१६, २०१८, २०२२ व २०२४ मध्ये झाली. यात मुलांची भेट शाळेत न घेता घरी घेतली जाते. त्यामुळे शाळाबाह्य, गैरहजर व खासगी शाळेत जाणारी मुलेही नमुन्यात येतात. प्रत्येक जिल्ह्यातून ३० गावे लोकसंख्येच्या प्रमाणात संभाव्यता देऊन निवडली जातात आणि प्रत्येक गावातून २० कुटुंबे, म्हणजे जिल्ह्यातून सुमारे ६०० कुटुंबे घेतली जातात. वाचनचाचणीत अक्षरे, शब्द, पहिलीच्या स्तराचा परिच्छेद व दुसरीच्या स्तराचा मजकूर असे टप्पे असतात. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी व भागाकार हे टप्पे असतात. चाचणी तोंडी व एकेका मुलाशी स्वतंत्रपणे घेतली जाते. २०२२ च्या फेरीत ६१६ जिल्ह्यांतील १९,०६० गावांचा समावेश होता. मुंबई शहर व मुंबई उपनगर या जिल्ह्यांत ग्रामीण भाग नसल्याने ते या सर्वेक्षणात येत नाहीत.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शासनातर्फे शाळांमध्ये घेतले जाते. १३ नोव्हेंबर २०१७ रोजीच्या फेरीत तिसरी, पाचवी व आठवीचे, तर १२ नोव्हेंबर २०२१ रोजीच्या फेरीत त्यांसोबत दहावीचेही विद्यार्थी होते. २०२१ मध्ये सुमारे १.१८ लाख शाळांतील ३४ लाख विद्यार्थी सहभागी झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी हेच सर्वेक्षण 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' या नावाने तिसरी, सहावी व नववीसाठी घेण्यात आले.

सांख्यिकीय प्रतिमाने

नमुना व अचूकता

नमुन्यावरून काढलेल्या प्रत्येक आकड्याला प्रमाण त्रुटी असते. उदाहरणार्थ, ६०० कुटुंबांत तिसरीची ६० मुले मिळाली व त्यांपैकी ४० टक्के मुलांना दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचता आला, असे मानल्यास साध्या यादृच्छिक नमुन्याच्या सूत्रानुसार ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे २८ ते ५२ टक्के अशी येते. म्हणजे पुढील फेरीत आकडा ३५ किंवा ४५ झाला, तरी जिल्ह्याची अधोगती वा प्रगती झाली असे केवळ त्यावरून म्हणता येत नाही. याच कारणामुळे असरच्या अहवालांत इयत्तावार आकडे राज्य पातळीवर आणि जिल्ह्याचे आकडे तिसरी ते पाचवी अशा एकत्रित गटासाठी दिले जातात.

एकाच शाळेतील मुले परस्परांसारखी असतात, त्यामुळे त्रुटी आणखी वाढते. एका शाळेतून ३० विद्यार्थी घेतले आणि शाळांतर्गत साम्याचा गुणांक ०.२ असला, तर विचरण साध्या यादृच्छिक नमुन्याच्या ६.८ पट होते. अशा १०० शाळांतील ३,००० विद्यार्थ्यांची माहिती सुमारे ४४० स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकीच मोलाची ठरते.

बहुस्तरीय प्रतिमान

विद्यार्थी वर्गात, वर्ग शाळेत व शाळा तालुक्यात अशी रचना लक्षात घेऊन गुणांतील फरकाची विभागणी करणाऱ्या समाश्रयणाला बहुस्तरीय प्रतिमान म्हणतात. लहान शाळांची तुलना करताना ते विशेष महत्त्वाचे ठरते. विद्यार्थ्यांच्या गुणांचे प्रमाण विचलन २० असेल, तर ८ विद्यार्थ्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ७ गुण, तर ८० विद्यार्थ्यांच्या सरासरीची सुमारे २ गुण येते. परिणामी गुणवत्ता यादीच्या अगदी वर व अगदी खाली लहान शाळाच अधिक दिसतात. यात शिक्षकाच्या कर्तृत्वापेक्षा योगायोगाचा भाग मोठा असू शकतो. बहुस्तरीय प्रतिमान अशा शाळेचा अंदाज एकूण सरासरीकडे झुकवून ही विकृती कमी करते.

प्रश्न प्रतिसाद सिद्धान्त

वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवणारे विद्यार्थी एकाच मोजपट्टीवर आणण्यासाठी ही पद्धत वापरतात. प्रश्नाची काठिण्यपातळी व विद्यार्थ्याची क्षमता या दोहोंवरून बरोबर उत्तराची संभाव्यता ठरते, हे तिचे गृहीतक आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात ही पद्धत वापरली जाते.

संरचनात्मक समीकरण प्रतिमान

मुख्याध्यापकाचे नेतृत्व, शिक्षकांचे समाधान किंवा शाळेतील वातावरण थेट मोजता येत नाही. त्यांना अप्रकट चल म्हणतात. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीवर 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' अशी उत्तरे घेऊन, घटक विश्लेषणाने त्यांमागील अप्रकट चल शोधले जातात. प्रश्नांची अंतर्गत सुसंगती तपासण्यासाठी ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा गुणांक वापरतात. चलांमधील संबंधांचे जाळे एकाच वेळी तपासणाऱ्या संरचनात्मक समीकरण प्रतिमानाला कार्ल योरेस्कोग यांच्या १९७० च्या दशकातील कामामुळे व्यापक प्रसार मिळाला. व्यवस्थापनशास्त्रात कंपन्या, बँका व रुग्णालये यांच्या कामगिरीच्या अभ्यासातही हेच तंत्र वापरले जाते.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील संदर्भ

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सर्वेक्षणाच्या अडचणी समजण्यास उपयुक्त उदाहरण आहेत. शहापूर तालुक्यातील किन्हवली व डोळखांब तसेच मुरबाडमधील टोकावडे व धसई या परिसरांत महसुली गावाभोवती विखुरलेले पाडे आढळतात. नमुना चौकट जनगणनेतील गावांच्या यादीवर आधारलेली असते. त्यामुळे गाव निवडले गेले, तरी गावठाणापासून दूर असलेला पाडा पाहणीत आला की नाही यावर निष्कर्ष अवलंबून राहतो. असरमध्ये स्वयंसेवक प्रथम गावाचा नकाशा काढतात व वेगवेगळ्या वस्त्यांतून कुटुंबे निवडतात, त्यामागे हेच कारण आहे.

या भागात कातकरी, वारली, ठाकूर व महादेव कोळी या आदिवासी जमाती राहतात. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी स्थलांतर करतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शाळेत घेतलेल्या चाचणीच्या दिवशी स्थलांतरित मूल पटावर असूनही वर्गात नसू शकते. उरलेल्या मुलांची सरासरी मग सर्व मुलांच्या सरासरीपेक्षा अधिक दिसण्याचा संभव असतो. उलट, घरोघरच्या पाहणीतून निवासी आश्रमशाळांत राहणारी मुले सुटतात. घरात कातकरी किंवा वारली बोली बोलणाऱ्या मुलाची प्रमाण मराठीतील चाचणी वाचनाबरोबर भाषेची ओळखही मोजते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने ठाणे जिल्ह्याच्या त्यापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची थेट तुलनाही करता येत नाही.

मर्यादा व टीका

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण व असर यांच्या आकड्यांत लक्षणीय तफावत आढळते. डग जॉन्सन व आन्द्रेस पाराडो यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातील राज्यांच्या सरासऱ्या इतर सर्वेक्षणांच्या तुलनेत बऱ्याच अधिक असल्याचे दाखवले. असरच्या चाचणीची साधी रचना व स्वयंसेवकांवरील भिस्त यांवरही टीका झाली आहे.

सर्वेक्षणातील सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. ज्या शाळेत पालकसभा नियमित होतात तिचा निकाल चांगला असेल, तर सभांमुळे निकाल सुधारला की जागरूक पालकांमुळे दोन्ही घडले, हे एकवेळच्या पाहणीतून ठरत नाही. एकाच शिक्षकाने नेतृत्व व कामगिरी या दोन्हींविषयी उत्तरे दिल्यास त्यांतील संबंध कृत्रिमरीत्या वाढतो. निकालाच्या आधारे शाळांना बक्षीस किंवा शिक्षा दिली जाऊ लागली, तर मोजमापच विकृत होते, असा इशारा मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात दिला होता.

उपयोग

शिक्षण हक्क कायदा, २००९ नंतर पटनोंदणी जवळपास सार्वत्रिक झाली व चर्चेचा रोख प्रत्यक्ष शिकण्याकडे वळला. महाराष्ट्र शासनाने जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू केला. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीपर्यंत पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान साध्य करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. अशा कार्यक्रमांचे मूल्यमापन संपादणूक सर्वेक्षणांवर अवलंबून असते. मात्र एखाद्या विशिष्ट शाळेबाबत किंवा शिक्षकाबाबत निर्णय घेण्यासाठी जिल्हा पातळीवरील नमुना पुरेसा नसतो. त्यासाठी वर्गातील नियमित मूल्यमापनाचीच आवश्यकता असते.

हेही पहा

नमुना सर्वेक्षण
पांडुरंग वासुदेव सुखात्मे
गोखले अर्थशास्त्र संस्था
शिक्षण हक्क कायदा, २००९
शहापूर तालुका
मुरबाड तालुका