रॅस मासे : घरगुती खाऱ्या टाकीतील सहवास

लॅब्रिडी कुलातील माशांना मत्स्यपालनाच्या छंदात ‘रॅस’ म्हणतात. कुलाचा पसारा मोठा आहे. पाचशेहून अधिक जाती, बोटाएवढ्या फ्लॅशर रॅसपासून दोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या नेपोलियन रॅसपर्यंत, यात येतात. बहुतेक जाती उष्ण समुद्रातील प्रवाळ खडकांच्या आसपास राहतात, दिवसा हिंडतात, रात्री गाढ झोपतात आणि छातीच्या परांनी वल्हे मारल्यासारखे पोहतात. रंग, चपळाई आणि खडकावरचे बारीक जीव टिपण्याची सवय यांमुळे घरगुती खाऱ्या टाकीत त्यांना मागणी असते, आणि एक रॅस रुळला की दुसरा आणावासा वाटतोच. दुकानात अशा वेळी ‘शांत’, ‘मध्यम’, ‘भांडखोर’ अशा तीन पाट्यांवर निवड होते. त्या पाट्या अपुऱ्या आहेत. दोन रॅस एकत्र नांदतील की नाही हे जातीच्या नावावरून ठरत नाही. कोण कोणासारखा दिसतो, काय खातो, रात्री कुठे झोपतो आणि टाकीत आधी कोण आला, या चार गोष्टी ते ठरवतात. समुद्रापासून दीडशे किलोमीटरांहून दूर असलेल्या म्हसवडसारख्या गावात ही विचारपूस मासा घेण्यापूर्वीच करावी लागते, कारण तिथे खाऱ्या पाण्याचा प्रत्येक लिटर हाताने बनवावा लागतो आणि चुकीची निवड निस्तरायला तेच पाणी दुसऱ्यांदा बनवावे लागते.

रॅसच्या भांडणाचे मूळ त्यांच्या कळपाच्या रचनेत आहे. अनेक जातींत मासा आधी मादी म्हणून वाढतो आणि पुढे त्यांतली एखादी नर बनते. रॉस रॉबर्टसन यांनी १९७२ साली ग्रेट बॅरियर रीफवरील सफाई करणाऱ्या रॅसविषयी दाखवून दिले की कळपातला एकमेव नर नाहीसा झाला की सर्वांत वरचढ मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखर नर होते. म्हणजे अशा कळपात प्रत्येक मासा वरच्या जागेचा वारस असतो, आणि वरचा मासा खालच्यांना सतत हुसकावून ती जागा राखतो. हा दाब सैल पडला की खालचा वर चढतो. त्यामुळे ज्याची चण, रंग आणि पोहण्याची ढब आपल्यासारखी, तोच रॅसला प्रतिस्पर्धी वाटतो. वेगळ्या घडणीचा मासा त्याच्या हिशेबात येत नाही. मराठीत ज्याला भाऊबंदकी म्हणतात तिचाच हा प्रकार आहे: वाटणीचा तंटा चुलतभावांत होतो, परगावच्या पाहुण्याशी होत नाही.

रॅस समोरच्याचे मोजमाप किती बारकाईने करतो याचा पुरावा अलीकडे जपानमधील प्रयोगांतून मिळाला आहे. सफाई करणारा रॅस आरशातल्या प्रतिमेवर सुरुवातीला शत्रू समजून तुटून पडतो, पुढे हल्ले थांबवतो, आणि गळ्यावर लावलेला ठिपका आरशात दिसला की तो गळा खरडून काढू पाहतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. २०२४ च्या प्रयोगात या माशांना आपल्याहून दहा टक्के मोठ्या आणि दहा टक्के लहान माशांची छायाचित्रे दाखवली. आरसा न पाहिलेले मासे दोन्ही छायाचित्रांवर हल्ला करत; आरसा पाहिलेले मासे मोठ्या आकाराच्या छायाचित्राच्या वाटेला जात नसत. हे प्रयोग एकाच जातीवर झाले आहेत, तेव्हा ते साऱ्या कुलाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण टाकीत जे दिसते त्याच्याशी ते जुळतात. नवा मासा जुन्याच्या तोडीचा असेल तर भांडण लांबते, आकारात ठळक फरक असेल तर निकाल लवकर लागतो. सारख्या दिसणाऱ्या दोघांना आणताना एकाच मापाचे निवडणे ही म्हणूनच सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

झोपण्याची जागा आणि खाण्याची रीत पाहिली की टाकीत ठेवण्याजोग्या रॅसची घराणी आपोआप वेगळी होतात. फेअरी रॅस म्हणजे सिर्हिलॅब्रस आणि फ्लॅशर रॅस म्हणजे पॅराकायलिनस हे मधल्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव वेचतात आणि रात्री दगडांच्या फटीत शिरतात. कित्येक जण स्वतःभोवती चिकट, पारदर्शक पिशवी विणून त्यात झोपतात. सकाळी ती पिशवी ओल्या काकडीच्या सालीसारखी पाण्यात हलताना दिसते आणि नवखा माणूस दचकतो. हॅलिकोईरिस, लहान कोरिस आणि ठिपकेदार अंगाचे लेपर्ड रॅस, म्हणजे मॅक्रोफॅरिंगोडॉन, हे वाळूत झोपतात. दिवे मालवायच्या सुमारास मासा क्षणभर तिरपा होतो, डोके खाली करतो आणि एका झटक्यात वाळूत नाहीसा होतो. वर फक्त एक खळगी राहते. त्यांना चार-पाच सेंटिमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर लागतो. शंखशिंपल्यांचा भरड चुरा असेल तर अंग खरवडते. सहा आडव्या रेघांचा सिक्स-लाइन रॅस आणि त्याचे स्यूडोकायलिनस भाऊबंद दगडांच्या कपारीतच जगतात, तिथलाच किडा टिपतात आणि कपारीलाच आपले घर मानतात. थॅलासोमा वंशाचे मून रॅस, लांब चोचीचे बर्ड रॅस आणि मोठे कोरिस हे सगळीकडे हिंडणारे, कोळंबी-खेकडे फोडून खाणारे दांडगे मासे आहेत. यांतला गैमार्ड कोरिस विशेष फसवा. पिल्लू लालभडक, पाठीवर पांढरे ठिपके असलेले, आगपेटीएवढे विकायला येते; पूर्ण वाढला की तो ४० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि दगड उलथे करतो.

या घराण्यांतून एकेक घेतला तर सहवास जमतो, एकाच घराण्यातले दोन घेतले तर बिघडतो, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा टिकतो. सुमारे १२० सेंटिमीटर लांबीच्या, ३०० ते ४०० लिटरच्या टाकीत एक फेअरी नर, त्याच्याहून लहान आणि वेगळ्या रंगाचा एक फ्लॅशर आणि एक पिवळा हॅलिकोईरिस ही मांडणी समंजस आहे. तिघांचे खाणे दिवसातून दोन-तीनदा थोडेथोडे दिले तर त्यांची वाट एकमेकांना छेदत नाही. लेपर्ड रॅसला बारीक जिवंत चारा लागतो, म्हणून टाकी निदान काही महिने जुनी झाल्याशिवाय त्याला आणणे म्हणजे त्याला उपाशी मारणे होय. सफाई करणाऱ्या रॅसचे इतरांशी सहसा वैर नसते, तरीही तो घरी आणू नये. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी हे त्याचे अन्न. समुद्रात तो दिवसाला हजाराच्या वर परजीवी खातो, आणि घरच्या पाच-सात माशांच्या अंगावर तेवढे कधीच नसतात.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की समुद्रात हेच मासे थव्याने राहतात, मग टाकीत का नकोत? थव्यात राहतात हे खरे. पण तिथे हरलेल्या माशाला निघून जाता येते. पाठलाग पाच-दहा मीटरवर संपतो. टाकीत पाच मीटर नाहीतच, त्यामुळे हरलेला मासा विजेत्याच्या डोळ्यांसमोर राहतो आणि संपायला हवे ते भांडण रोज नव्याने सुरू होते. एक नर आणि त्याच जातीच्या दोन-तीन माद्या असा फेअरी किंवा फ्लॅशरचा लहान थवा मात्र जमू शकतो, कारण त्यात वारसाचा क्रम ठरलेला असतो. सगळ्या एकदम सोडाव्यात, आणि नर सर्वांत मोठा असावा. दुसरा आक्षेप टाकीच्या आकाराचा. मोठी टाकी घेतली की प्रश्न मिटतो असे पुष्कळांना वाटते. लिटरांपेक्षा नजर तुटणे जास्त उपयोगी पडते. उघड्या पाचशे लिटरांत पळणारा मासा टोकापर्यंत दिसत राहतो; तीनशे लिटरांत दगडांचे दोन वेगळे ढीग आणि मध्ये आरपार वाट असली तर तो दिसेनासा होतो आणि पाठलाग करणारा विसरतो. तिसरा आक्षेप अनुभवातून येतो आणि तो वजनदार आहे: अमुक टाकीत सिक्स-लाइन कोणालाही त्रास न देता कित्येक महिने राहिला. राहतोच. त्याचा कडवेपणा जुन्या शेजाऱ्यांवर क्वचित निघतो, नव्या पाहुण्यावर निघतो. त्यामुळे तो आधी आला असेल तर पुढे येणाऱ्या प्रत्येक लहान रॅसची परीक्षा होते. म्हणून तो घ्यायचाच असेल तर सर्वांत शेवटी घ्यावा, आणि त्यानंतर टाकीत नवा रॅस आणण्याचा विचार सोडावा.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र उंबऱ्याशी लाभला. माण तालुक्यातील म्हसवडचे गणित सगळेच वेगळे आहे. हे गाव पर्जन्यछायेत, माणगंगेच्या काठी, सांगली जिल्ह्याच्या आटपाडीच्या हद्दीजवळ आहे. ३०० लिटर समुद्राचे पाणी बनवायला सुमारे ११ किलो तयार मरीन सॉल्ट लागते. मिठागरातले खडेमीठ चालत नाही, कारण मीठ धरल्यावर मागे उरलेल्या कडू पाण्यात मॅग्नेशियम आणि इतर क्षार निघून गेलेले असतात. बोअरच्या पाण्याचा खारेपणाही समुद्राचा खारेपणा नव्हे. म्हणून आरओचे पाणी घ्यावे लागते, आणि घरगुती आरओ एका लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. ज्या गावात २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरांची चारा छावणी उघडावी लागली, तिथे अशी टाकी ठेवणे शोभते का, हा आक्षेप टाळता येणार नाही, टाळूही नये. बाहेर टाकलेले पाणी भांडी, धुणे, फरशी यांना वापरता येते, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर सहवासातच आहे. न जुळणारा रॅस वेगळा काढायचा म्हणजे दुसरी टाकी, दुसरे ११ किलो सॉल्ट, दुसरे आरओचे पाणी. जुळणारे तीन मासे ठेवणारा माणूस एका टाकीच्या पाण्यात भागवतो. हौसेने सात आणणाऱ्याला दोन टाक्याही पुरत नाहीत.

उन्हाळा हा पुढचा कस. बहुतेक रॅसना २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते आणि माणदेशात एप्रिल-मेमध्ये हवा चाळिशीला टेकते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो, आणि सतत हुसकावला जाणारा मासा नेमका त्याच वेळी जास्त श्वास घेत असतो. थंडीत निभावलेले वैर मे महिन्यात जीव घेते ते यामुळे. येथे कोरड्या हवेचा एक फायदा मात्र आहे. ३०० लिटर पाणी एका अंशाने उतरायला साधारण अर्धा लिटर वाफ व्हावी लागते. मुंबईच्या दमट हवेत पंख्याने हे अवघड जाते, म्हसवडच्या कोरड्या हवेत लहान पंखाही चांगले काम करतो. रॅस घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून टाकीला झाकण लागतेच. पण काचेच्या झाकणाखाली वाफ कोंडते आणि उष्णता आत राहते. तेव्हा येथे बारीक छिद्रांची ताणलेली जाळी आणि वरून पंखा हीच जोडी योग्य. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून रोजची घट नेहमी गोड्या आरओच्या पाण्याने भरावी. वीज जाते हे गृहीत धरून निदान पाणी खेळवणारा पंप आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर ठेवावा.

दगडांची मांडणी करताना कायद्याचे भान हवे. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून संरक्षण आहे, आणि मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा कोकणातून येताना पोवळ्याचे दगड उचलून आणू नयेत. भाजलेल्या मातीचे किंवा खास बनवलेले सच्छिद्र दगड घ्यावेत. रॅसला फट हवी असते, ती कशाची आहे याची तो पर्वा करत नाही.

नवा मासा आला की तो आधी वेगळ्या भांड्यात काही आठवडे ठेवून रोग पाहावा. वाळूत झोपणारा असेल तर त्यात वाळू भरलेली एक वाटी ठेवावी. दूरच्या समुद्रातून आलेला रॅस पहिले काही दिवस भर दुपारी वाळूत पडून राहतो, त्याला मेलेला समजून उकरू नये. टाकीत सोडताना छिद्रांच्या पारदर्शक डब्यात तीन-चार दिवस ठेवावे, म्हणजे जुना मासा काचेवर धडका देऊन थकतो. बाहेरच्या काचेला आरसा लावला तर त्याचा राग तिकडे वळतो. तरीही चौथ्या दिवशी डबा उघडल्यावर नीट पाहावे. पर पसरून, रंग उजळवून केलेला दरारा चालतो. शेपटीच्या कडा फाटलेल्या, मासा वरच्या कोपऱ्यात पंपामागे उभा, आणि चारा पडल्यावरही खाली न येणारा, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर तह होईल म्हणून वाट पाहत बसू नये. त्याला त्याच दिवशी काढावे. दगड हलवल्याशिवाय रॅस हाती लागत नाही, आणि काढून ठेवायला पन्नास-साठ लिटरचे खारे पाणी त्याच क्षणी तयार असावे लागते. ते पाणी आधी मुरवून, त्यात हवा सोडून ठेवले नसेल, तर दुसरा रॅस अजून दुकानातच राहू द्यावा.