मानवी तस्करी : शिक्षा कठोर, पळवाटा कायम

माणसांच्या व्यापारास आणि वेठबिगारीस राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे. तरीही या गुन्ह्याची व्यापक व्याख्या फौजदारी कायद्यात येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत भारतीय दंड संहितेचे ३७०वे कलम 'गुलाम म्हणून' माणसाची खरेदी-विक्री करण्यापुरते मर्यादित होते. अल्पवयीनांची विक्री आणि वेश्याव्यवसायासाठीची दलाली यांकरिता वेगळी कलमे होती. पण नोकरीच्या आमिषाने परराज्यात नेऊन राबविल्या जाणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता.

न्या. जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर हे कलम बदलले. बळ, धाक, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांद्वारे शोषणासाठी व्यक्तीची भरती वा ने-आण करणे, तिला आश्रय देणे किंवा ताब्यात घेणे, ही तस्करी ठरली. पीडित व्यक्तीची संमती होती, हा आरोपीचा हुकमी बचाव निकालात निघाला. शिक्षा सात ते दहा वर्षे सक्तमजुरी; पीडित अल्पवयीन असल्यास किमान दहा वर्षे व कमाल जन्मठेप. गुन्ह्यात पोलीस वा लोकसेवक सामील असल्यास उर्वरित आयुष्य तुरुंगात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमाने हीच चौकट ठेवून शोषणाच्या व्याख्येत भीक मागण्याची भर घातली.

'सक्तीचे श्रम' हे शब्द मात्र त्यात नाहीत. फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकमात ते होते; संसदेने संमत केलेल्या कायद्यातून गळले. त्यामुळे उचल देऊन वीटभट्टीवर अडकवून ठेवलेल्या कुटुंबाच्या बाबतीत 'शारीरिक शोषण' सिद्ध करावे लागते, अन्यथा १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्याकडे वळावे लागते. तेथे कमाल शिक्षा तीन वर्षे, दंड दोन हजार रुपये!

१९५६ च्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्यातही कुंटणखाना चालविणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते तीन वर्षे कैद आणि दंड दोन हजारांपर्यंतच. उलट, गिऱ्हाइकाला खुणावणाऱ्या स्त्रीलाच सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात धाडणारे आठवे कलम अद्याप कायम आहे. ते वगळण्यासाठी २००६ मध्ये आणलेले विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. सक्तीच्या श्रमांसाठीच्या तस्करीस किमान दहा वर्षांची शिक्षा आणि पुनर्वसन निधीची तरतूद असलेले विधेयक लोकसभेने जुलै २०१८ मध्ये संमत केले. राज्यसभेची मोहोर न उमटल्याने २०१९ मध्ये तेही रद्दबातल झाले.